स्वस्तातले ट्यूब हेडफोन ॲम्प: खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शहादा, सगळीकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. ट्यूब हेडफोन ॲम्प म्हणजे हेडफोनला जोर देणारा, आत ट्यूब असलेला ॲम्प्लिफायर. बजेट दहा-पंधरा हजारांच्या आतलं धरलं आहे. किमती रोज हलतात, त्यामुळे आकडे अंदाजे समजा. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतले व्हॉल्व्हच ना?

हो, तेच. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत फिलामेंट तापतं, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. मध्ये जाळीसारखी ग्रिड असते. तिच्यावर गाण्याचा बारीकसा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. ग्रिडवाली ट्यूब ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली केली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घरातल्या रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आपल्याकडे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. 'बीईएल' छापलेली नळी आजही जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात सापडते. हल्ली नवा माल मुख्यतः चीन, रशिया आणि स्लोव्हाकियातून येतो.

२. भाऊ, ट्यूबमुये आवाज खरंच गोड व्हस का?

थोडा होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. ट्यूब सिग्नलमध्ये स्वतःची भर घालते, मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराच्या वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची. सुराला सूर मिळतो, म्हणून ही भर कानाला खुपत नाही, उलट गळा जरा भरल्यासारखा वाटतो. मोजायला गेलं तर याला विकृतीच म्हणतात. हजार-दोन हजारांचा चांगला चिपवाला ॲम्प मोजणीत बहुतेक ट्यूब ॲम्पना सहज हरवतो. म्हणून 'ट्यूब म्हणजे जास्त स्पष्ट आवाज' ही समजूत सोडा. ती एक चव आहे. आवडली तर घ्या.

'गोडवा' म्हणून लोक जे सांगतात त्यातला बराचसा तर ट्यूबचा नसतोच. तो ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्समुळे, म्हणजे ॲम्पच्या आतल्या विजेच्या अडथळ्यामुळे, येतो (प्रश्न ४ पाहा).

३. माझ्याकडे अमुक हेडफोन आहे. फायदा होईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि खरेदीच्या आधी विचारावा असा हाच आहे. हेडफोनच्या खोक्यावर 'ओम'चा आकडा, म्हणजे त्याचा इम्पीडन्स, असतो, तो बघा.

पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओम. मोबाइलच्या साध्या डोंगलमधून (चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोनची पिन देणारा तुकडा) साधारण १ व्होल्ट मिळतो असं धरा. ३२ ओमच्या हेडफोनला त्यातून ३१ मिलिवॅट मिळतात, म्हणजे कान दुखतील इतका आवाज. तोच १ व्होल्ट ३०० ओमच्या हेडफोनला दिला तर हातात पडतात जेमतेम ३.३ मिलिवॅट. अशा हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं आणि करंट अगदी थोडा लागतो. ट्यूबचा स्वभाव नेमका हाच: व्होल्टेज द्यायला तयार, करंट द्यायला नाखूश.

म्हणून सेनहायझर एचडी ६०० किंवा एचडी ६५० (दोन्ही ३०० ओम), बायरडायनॅमिकचे २५० आणि ६०० ओमचे डीटी ९९० यांच्याशी ट्यूबचं छान जमतं. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स (३८ ओम) किंवा फिलिप्स एसएचपी९५०० (३२ ओम) असेल तर फक्त हायब्रिड (प्रश्न ४) बघा. आणि हेडफोन दीड हजारांचा असेल तर ॲम्पचे पैसे आधी हेडफोनात घाला. दहा हजारांचं बजेट असताना सात हजारांचा ॲम्प आणि तीन हजारांचा हेडफोन ही जोडी मला कधीच पटलेली नाही.

४. हायब्रिड आणि ओटीएल यात फरक काय?

हायब्रिडमध्ये पुढची ट्यूब सिग्नल मोठा करते आणि शेवटचा जोर ट्रान्झिस्टर, मॉस्फेट किंवा चिप लावते. आउटपुट इम्पीडन्स बहुधा कमी असतो, त्यामुळे कमी ओमचे हेडफोनही व्यवस्थित चालतात.

ओटीएल म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला ॲम्प. पुढेही ट्यूब, शेवटीही ट्यूब, मध्ये एक मोठा कपॅसिटर. डार्कव्हॉइस ३३६एसई आणि लिटल डॉट एमके२ ही यातली नावाजलेली स्वस्त मॉडेल. यांचा आउटपुट इम्पीडन्स हायब्रिडच्या कित्येकदा दहापट असतो.

त्याने काय होतं ते हिशेबाने बघू. समजा ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओम आहे. हेडफोन ३२ ओमचा असेल तर १३२ पैकी ३२, म्हणजे व्होल्टेजचा जेमतेम पाव हिस्सा हेडफोनपर्यंत पोचतो, बाकी ॲम्पमध्येच जिरतो. बेस सैल पडतो, ढोलकीची थाप पसरट ऐकू येते. ३०० ओमच्या हेडफोनला मात्र पाऊण हिस्सा मिळतो. शिवाय एचडी ६५० सारख्या हेडफोनचा इम्पीडन्स सगळीकडे ३०० नसतो, १०० हर्ट्‌झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. तिथे ५०० ला ६०० ने भागा: ०.८३ येतं. म्हणजे त्या पट्ट्यात बेस जवळपास १ डेसिबलने उचलला जातो. 'ट्यूबचा ऊबदार आवाज' तो हाच, आणि साध्या इक्वलायझरनेही तो बराचसा आणता येतो.

ढोबळ नियम: ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा. ३२ ओमला ४, ३०० ओमला ३७.

तिसरा प्रकार आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाल्यांचा. चांगला ट्रान्सफॉर्मर स्वस्तात बनत नाही, म्हणून या बजेटमध्ये त्यांचा विचार नको.

५. मग नेमका कोणता घेऊ?

मला विचाराल तर पहिला ॲम्प हायब्रिडच घ्या. एक्सडूओ एमटी-६०२ आहे, त्यात दोन ६जे१ ट्यूब असतात आणि परदेशात तो शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. शीट कंपनीची वाली मालिका आवाजाने चांगली आहे, पण बहुधा अमेरिकेहून आणावी लागते (प्रश्न १४). चारेक हजारांतले '१२एयू७ हायब्रिड' नावाचे उघडे बोर्ड शिकायला ठीक आहेत. रोजच्या ऐकण्यासाठी मी ते सुचवणार नाही, कारण त्यातले मॉस्फेट क्लास ए मध्ये, म्हणजे सतत पूर्ण करंट घेत, चालतात आणि हीटसिंकला बोट टेकवत नाही.

ओटीएल घ्यायचा तर हातात आधी २५० ओमच्या वरचा हेडफोन हवा. नंतर घेईन म्हणून ॲम्प आधी आणू नका.

६. ऑनलाइन दीड-दोन हजारांना 'ट्यूब ॲम्प' दिसतो. खरा असतो का?

ट्यूब खरी असते, तिचं काम खरं असेलच असं नाही. काही ठिकाणी नळीच्या बुडाशी केशरी एलईडी बसवलेला असतो. ओळखायचं असं: खोलीत अंधार करा आणि ॲम्प बंद करा. एलईडी पटकन विझतो. खऱ्या फिलामेंटची लाली तीन-चार सेकंद रेंगाळून विझते. चालू करतानाही ट्यूब तापायला दहा-वीस सेकंद लागतात. बटण दाबल्या दाबल्या गाणं सुरू झालं तर सिग्नल ट्यूबमधून जातच नसण्याची शक्यता मोठी.

दुसरी फसगत: नुसता प्रीॲम्प (दुसऱ्या ॲम्पच्या आधी लावायचा) असतो, हेडफोनचं भोकच नसतं. फोटोत मागची-पुढची बाजू नीट बघा.

७. मोबाइलला थेट लावता येईल का?

येईल. डोंगल, तिथून ३.५ मिमी ते आरसीए केबल, तिथून ॲम्प. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पवर करा. वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) असेल तर उत्तम, त्यातून बहुधा २ व्होल्ट मिळतात. ब्लूटूथ हेडफोनला मात्र हा ॲम्प काही कामाचा नाही. त्याच्या आत स्वतःचा ॲम्प असतो, आणि पुष्कळदा वायर लावली तरी सिग्नल त्यातूनच फिरतो.

८. आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नाही. ट्यूब जाईल का?

शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न सुचतही नाही, पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा शिरपूरकडे मळ्यात राहणाऱ्याने ॲम्प निवडतानाच हे बघायला हवं. मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवा मंद होतो, बंद झाल्या की एकदम उजळतो. ट्यूबच्या फिलामेंटचंही तेच होतं.

ॲम्पच्या आत साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल आणि फिलामेंटला रेग्युलेटर नसेल, तर २३० व्होल्टला ६.३ व्होल्ट मिळतात. लाइन १९० वर आली की ५.२ मिळतात, २६० वर गेली की ७.१. बहुतेक ट्यूबना साधारण १० टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. कमी व्होल्टेजवर बराच काळ चालवली तर कॅथोड खराब होतो, जास्तीवर फिलामेंटचं आयुष्य घटतं. ओटीएल बहुतेक याच जातीचे. त्यांना स्टॅबिलायझर लावाच.

बरेच छोटे हायब्रिड एसएमपीएस ॲडॅप्टरवर (मोबाइलच्या चार्जरसारख्या, व्होल्टेज स्वतः सांभाळणाऱ्या) चालतात. ॲडॅप्टरवर '१००-२४०' छापलेलं असेल तर १९० व्होल्टला त्याला काही फरक पडत नाही. अशा भागासाठी मी हायब्रिड सुचवतो त्याचं हे अर्धं कारण.

इन्व्हर्टरवर ऐकत असाल तर तो शुद्ध साइन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर पंखा जसा घुमतो तसा ट्रान्सफॉर्मरही घुमतो, आणि ती घुर्रघुर्र थेट हेडफोनमध्ये येते. वीज सारखी ये-जा करत असेल तर ॲम्प बंद करून ठेवा. दर वेळी गार फिलामेंटला बसणारा झटका चांगला नाही.

९. भुसावळच्या मे महिन्यात ट्यूब ॲम्प चालवायचा का?

ट्यूबला गरमीचं काही नाही, ती स्वतःच तुमच्या उन्हापेक्षा कितीतरी गरम असते. त्रास होतो आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बाहेर ४५ अंश आणि ॲम्प बंद शोकेसमध्ये, ही जोडी नको. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा आणि वर लॅपटॉप ठेवू नका. शक्य असेल तर १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला ॲम्प बघा. आकडा कपॅसिटरच्या अंगावरच छापलेला असतो.

खरी अडचण कूलरची आहे. त्याच्या झोतात तुषार असतात, आणि तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काच तडकू शकते. ॲम्प झोतात ठेवू नका. कूलरचा पंप आणि ॲम्प एकाच बोर्डवर असतील तर पंप चालू-बंद होताना कानात 'टक्क' वाजतं, म्हणून बोर्ड वेगळा घ्या. आणि एक व्यवहाराची गोष्ट: उघड्या पाठीचा हेडफोन लावून कूलरशेजारी बसलात तर ट्यूबचा फरक राहू द्या, तबल्याचा बायाँसुद्धा धड ऐकू येणार नाही. उन्हाळ्यात मी तरी रात्री उशिराच ऐकतो.

१०. सारखी घुईंऽऽ येते. ॲम्प खराब निघाला का?

लगेच परत पाठवू नका. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) आहे, ॲम्पचा दोष नाही. मग सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासा. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनच्या भोकामागे पुष्कळदा तारच नसते.

इनपुटची केबल काढल्यावरही घुई राहिली तर ट्यूब किंवा पॉवर सप्लाय बघावा लागेल. मोबाइल ॲम्पपासून हातभर लांब ठेवा. ट्यूबला पेन्सिल टेकवली की हेडफोनमध्ये 'टिंग' वाजतं, त्याला मायक्रोफोनिक म्हणतात. थोडंसं प्रत्येक ट्यूबमध्ये असतं. टेबलावर बोट आपटल्यावरही वाजत राहिलं तर ट्यूब बदला.

११. ट्यूब बदलून आवाज बदलतो म्हणतात. कोणती कुठे बसते?

बसते म्हणून चालते असं नाही, इथेच लोक फसतात. १२एयू७ आणि ६डीजे८ दोन्ही नऊ पिनांच्या, सॉकेटमध्ये आरामात जातात, पण फिलामेंटची जोडणी वेगळी आहे. एकीच्या जागी दुसरी लावू नका, ॲम्पमध्ये तशी निवड करायचा जंपर (जोडणी बदलायची छोटी टोपी) असेल तरच लावा. ६एन१ तर ६डीजे८ च्या जागी बिनबोभाट वाजते, पण ६डीजे८ ला ०.३६५ अँपिअर लागतात तिथे ही ०.६ खेचते. छोटा ट्रान्सफॉर्मर तापत राहतो.

सरळ जोड्या अशा: ६जे१ च्या जागी ६एके५, ५६५४ किंवा ईएफ९५. ६एन३ च्या जागी ५६७०. १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२. ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८, आणि तिचीच दणकट आवृत्ती ६९२२.

फरक ऐकू येतो, पण बारीक. ॲम्पच्या किमतीच्या निम्मे पैसे ट्यूबवर घालणं मला वेडेपणा वाटतो. ६एके५ च्या जातीच्या जुन्या लष्करी ट्यूब अजून स्वस्तात मिळतात, हौस त्यांवर भागवा.

१२. घरच्या जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढून लावू का?

बहुतेक नाही. जुन्या मर्फी-फिलिप्स-बुशमध्ये ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, ईझेड८० असे व्हॉल्व्ह सापडतात, आणि यातला एकही तुमच्या हायब्रिडमध्ये चालत नाही. चालता रेडिओ फोडण्यापेक्षा तो दुरुस्त करून ऐका.

एक सावधगिरी: व्हॉल्व्हच्या नावाची सुरुवात 'यू' ने असेल (यूसीएच८१, यूएल८४), तर त्या रेडिओची चॅसी थेट मेन लाइनला जोडलेली असते. मागचं झाकण काढून हात घालू नका.

१३. डाव्या कानात आवाज कमी येतो.

ॲम्प बंद करा, गार होऊ द्या, डावी-उजवी ट्यूब अदलाबदल करा. दोष उजवीकडे गेला तर ट्यूब खराब. तिथेच राहिला तर केबल, जॅक, मग व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता भाग), या क्रमाने बघा. (दोन्ही कानांना मिळून एकच ट्यूब असेल तर ही युक्ती चालत नाही.) बटण अगदी खाली असतानाच फरक पडत असेल आणि बटणाची खूण घड्याळातल्या नऊच्या जागेपुढे गेल्यावर दोन्ही बाजू सारख्या होत असतील, तर तो स्वस्त पॉटचा स्वभाव आहे. सोर्सचा आवाज कमी करा आणि ॲम्पचं बटण वर ठेवा.

१४. परदेशातून मागवला तर?

अलीएक्सप्रेसचं ॲप भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. बाकी मार्ग आहेत, पण किमतीवर सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी आणि कुरिअरचं वेगळं बिल धरूनच हिशेब करा. भारतीय दुकानात तोच ॲम्प दोन हजारांनी महाग दिसला तरी वॉरंटी इथली मिळते. बिघडल्यावर पार्सल शेन्‌झेनला पाठवण्यापेक्षा मुंबईला पाठवणं केव्हाही परवडतं.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवत असाल तर तो ११५ व्होल्टचा नाही ना, हे आधी विचारा. वालीसारख्या ॲम्पचा ॲडॅप्टर एसीच बाहेर देतो. व्होल्ट जुळतात म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमधून डीसी ॲडॅप्टर आणून लावला तर काम होणार नाही.

१५. आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन) लावले तर चालतील ना?

कामापुरते चालतील, मजा येणार नाही. ते इतके संवेदनशील असतात की ट्यूबची सळसळ गाण्याच्या मागे ऐकू येते, आणि आवाज इतका खाली ठेवावा लागतो की प्रश्न १३ मधला पॉटचा दोष कायम भेडसावतो. त्यांना डोंगल पुरे. प्लेनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनची गोष्ट उलटी: हायफायमॅन एचई४००एसई सारख्याला करंट भरपूर लागतो, तिथे दमदार हायब्रिड चालेल, ओटीएल अजिबात नाही.

१६. ट्यूब किती दिवस टिकते? बिल किती येईल?

छोट्या सिग्नल ट्यूब हजारो तास चालतात, रोज दोन तास ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. दिवसभर चालू ठेवू नका, ऐकायच्या आधी दहा मिनिटं पुरे. बिलाचं म्हणाल तर १५ वॅटचा ॲम्प रोज तीन तास चालला तर महिन्याला १.३५ युनिट. डार्कव्हॉइससारख्यात मात्र एकट्या ६एएस७ चं फिलामेंटच २.५ अँपिअर, म्हणजे जवळपास १६ वॅट घेतं.

हेडफोन मात्र ॲम्प चालू करून अर्ध्या मिनिटाने लावा आणि बंद करण्याआधी काढा. स्वस्त ॲम्पमध्ये संरक्षणाचा रिले नसतो, आणि सुरू होतानाचा 'धप्प' हेडफोनच्या पडद्याला बसतो.

१७. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. स्वतः बनवू का?

१२ ते २४ व्होल्टवर चालणारं हायब्रिड किट जरूर बनवा. ओटीएलला आत्ता हात लावू नका. त्यात दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. उघडायची वेळ आलीच तर आधी रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मग मीटर लावून खात्री करा, आणि एक हात खिशात ठेवा.

१८. सेकंडहँड घेताना काय बघू?

ट्यूबच्या आत काचेला चंदेरी आरशासारखा डाग असतो, बहुधा शेंड्याला. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, ट्यूब मेली. डाग कडेने थोडा तपकिरी असेल तर वापरलेली आहे एवढंच. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का, दोन्ही कान सारखे आहेत का, अर्धा तास चालवल्यावर घुई वाढते का, एवढं प्रत्यक्ष ऐका. कुरिअरने येणार असेल तर विकणाऱ्याला ट्यूब काढून वेगळ्या, बबल रॅपमध्ये गुंडाळून पाठवायला सांगा. सॉकेटमध्ये तशाच ठेवून पाठवल्या तर पिना वाकलेल्या मिळतात. वाकलेली पिन पक्कडीने एका झटक्यात सरळ करू नका, काचेपाशी चीर जाते. हळूहळू, दोन-तीनदा दाब देत सरळ करा.